देशाची भक्ती कराले कुठं जा लागते?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची शाळा दर्यापूर तालुक्यातली. २६ जानेवारीच्या तयारीसाठी तुम्ही पाचवीच्या फळ्यावर ‘देशभक्ती’ हा शब्द लिहिलात. एका पोराने उठून विचारलं, “मॅडम, देवाची भक्ती करतेत तं देवळात जातेत. देशाची भक्ती कराले कुठं जा लागते?” वर्ग हसला, पण तुम्हाला उत्तर सुचलं नाही. त्यात मुख्याध्यापक म्हणाले की ‘देशभक्ती’पेक्षा ‘राष्ट्रभक्ती’ लिहा, भारदस्त वाटतं. तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की या शब्दाचा खरा अर्थ काय, देशप्रेम, देशाभिमान, राष्ट्रभक्ती हे सगळे एकच का, आणि फलकावर शुद्ध कसं लिहायचं.

चौतीस वर्षं मी अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत मराठी शिकवलं. या काळात झेंडावंदनाची भाषणं लिहून दिली, निबंध तपासले, फलकांवरच्या चुका दुरुस्त केल्या. तरी त्या पोराएवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही. त्याला आधी शाबासकी द्या. त्याने शब्दाच्या वर्मावर बोट ठेवलं आहे.

बघा, ‘भक्ती’ला मराठीत ‘करणे’ हे क्रियापद लागतं. विठ्ठलाची भक्ती करतो, गजानन महाराजांची भक्ती करतो. पण ‘मी देशाची भक्ती करतो’ असं वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून सहज ऐकलं आहे का? लोक देशभक्ती ‘दाखवतात’, ‘जागवतात’, ती ‘अंगात असते’, ‘नसानसांत भिनते’. करायची वेळ आली की मराठी माणूस शब्द बदलतो आणि ‘देशसेवा करतो’ म्हणतो. सीमेवरचा जवान सुटीत गावी आला तर आपण विचारतो, “किती वर्षं झाली देशसेवेत?” देशभक्तीत किती वर्षं झाली असं कुणी विचारत नाही. जोडशब्दात गेल्यावर भक्तीचं ‘करणं’ सेवेकडे गेलं आणि भक्तीकडे नुसती भावना उरली. त्या पोराला हेच खटकलं. त्याने घरी भक्ती करताना पाहिली आहे. आजी पहाटे उठते, सडा टाकते, तुळशीला पाणी घालते, एकादशी धरते. त्याच्या लेखी भक्ती म्हणजे हातापायांनी करायचं काम. मग देशाच्या भक्तीत हातपाय कुठे आहेत, असं त्याला विचारायचं आहे.

आता मुळाशी जाऊ. ‘भक्ती’ संस्कृतातल्या ‘भज्’ धातूवरून आला. या धातूचा जुना अर्थ वाटणे, वाटून घेणे, वाट्याला येणे असा आहे. पूजा, सेवा, प्रेम हे अर्थ त्याला पुढे जोडले गेले. भाग, विभाग, भागाकार हे सगळे याच घरचे. तुमच्या पाचवीच्या गणितातले भाज्य आणि भाजक हेही. दोन भाऊ वेगळे झाले, वावराच्या मधोमध नवा धुरा, म्हणजे बांध पडला, तर आपण म्हणतो ‘विभक्त झाले’. त्यातला ‘भक्त’ तोच. व्याकरणात शिकवतो ती ‘विभक्ती’ही त्याच धातूची. आणि सगळ्यांत सुंदर नातं भाताचं आहे. संस्कृतात ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. प्राकृतात त्याचं ‘भत्त’ झालं आणि मराठीत ‘भात’. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या मुलखात रोज ताटात पडणारा भात आणि देवळातला भक्त हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत.

हे मी विद्वत्ता दाखवायला सांगत नाही. वर्गात हे सांगितलं की पोरांचे डोळे उजळतात, असा माझा अनुभव आहे. भक्त म्हणजे ज्याचा वाटा आहे तो, आणि जो आपला वाटा उचलतोही. पंगतीत बसतो आणि पंगत वाढायलाही उठतो. या अर्थाने पाहिलं तर देशभक्त म्हणजे देशातला वाटेकरी. पिकातही वाटेकरी आणि कर्जातही. शब्दाचं मूळ म्हणजेच त्याचा आजचा अर्थ, असं मी म्हणत नाही. शब्द घर सोडून लांब जातात. पण या शब्दाला मूळ गावी नेऊन आणलं तर पोरांना तो परका वाटत नाही.

आता ‘देश’. हा ‘दिश्’ धातूवरून, म्हणजे दाखवणे, बोटाने निर्देश करणे. दिशा, आदेश, उपदेश, संदेश, उद्देश हे सगळे त्याचे सोयरे. संविधानाची ‘उद्देशिका’ही. देश म्हणजे मुळात ‘तो तिकडचा’ म्हणून बोट दाखवता येईल असा भूभाग. म्हणूनच जुन्या मराठीत देश लहान असायचा. आपल्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. तिथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र हा चक्रधरस्वामींचा चरित्रग्रंथ सिद्ध केला आणि तिथेच आता मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं आहे. लीळाचरित्राच्या काळच्या मराठीत कानडदेश, तेलंगदेश असे देश आहेत. देश म्हणजे भाषेचा, रितीभातीचा मुलूख. पुढे कोकणातला माणूस घाटावरच्या पठाराला ‘देश’ म्हणू लागला. परगण्याच्या प्रमुखाला देशमुख म्हटलं गेलं. वऱ्हाडात तर गावोगावी देशमुखांचा वाडा आहे, आणि तिथल्या ‘देशा’त मोजकीच गावं यायची.

आजही आपल्या बोलण्यात ‘देश’ दोन मापांचा आहे. देशी गाय, देशी कापूस म्हणजे इथला, बाहेरून न आलेला. ‘देशोधडीला लागणे’ यातला देश म्हणजे आपलं राहतं ठिकाण. हा वाक्प्रचार मी एकदा सातवीला ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून दिला. अपेक्षित उत्तर होतं, ‘दुष्काळामुळे अनेक कुटुंबे देशोधडीला लागली.’ एका मुलीने लिहिलं, ‘माझे बाबा देशोधडीला लागले, आता ते सुरतला आहेत.’ त्या वर्षी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं पीक गेलं होतं. तिच्या वहीवर ‘बरोबर’ची खूण करताना माझा हात थांबला होता. सुरत भारतातच आहे, पण तिच्या भाषेत तिचा बाप देशाबाहेर गेला होता. ‘देश’ हा शब्द लहान माप सोडून फक्त मोठं माप धरतो तेव्हा अशा पोरांच्या हाती काही लागत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

तुमच्या शाळेत रोज सकाळी प्रतिज्ञा होते. मूळ प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. आता एक काम करा. मराठी प्रतिज्ञेत ‘भक्ती’ हा शब्द शोधा. तो नाही. देशावर ‘प्रेम’ आहे. परंपरांचा ‘अभिमान’ आहे. त्या परंपरांचा ‘पाईक’ होण्याची पात्रता मागितली आहे. पालक, गुरुजन, वडीलधारे यांचा ‘मान’ आहे आणि प्रत्येकाशी ‘सौजन्य’ आहे. शेवटी देश आणि देशबांधव यांच्याशी ‘निष्ठा’ आहे. इंग्रजी प्रतिज्ञेत त्या शेवटच्या जागी ‘डिव्होशन’ आहे, ज्याला एरवी आपण डोळे मिटून ‘भक्ती’ म्हणू. मूळ तेलुगूत तिथे ‘सेवानिरती’ आहे, म्हणजे सेवेत रमलेलं असणं. एकाच जागी तेलुगू ‘सेवा’ म्हणते, इंग्रजी ‘डिव्होशन’ म्हणते आणि मराठी ‘निष्ठा’ म्हणते. मराठीतला शब्द मला फार नेमका वाटतो. भक्ती मनात राहू शकते. निष्ठा ‘राखावी’ लागते. आणि ती कुणाशी? नुसत्या देशाशी नाही, ‘माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी’. जमीन आणि माणसं दोन्ही एका वाक्यात आली आहेत.

‘पाईक’ शब्दावर पोरं वर्षानुवर्षं अडखळतात आणि आपण अर्थ सांगत नाही. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. घोड्यावरचा सरदार नव्हे, पायी चालणारा साधा माणूस. संतांनीही हा शब्द भक्तासाठी वापरला आहे. तुमच्या पोराला कुठं जायचं ते विचारायचं आहे ना, त्याला हा पायी चालणारा माणूस दाखवा.

आता गावाकडे येतो. मी नोकरीला लागलो तेव्हा ऐंशीचं दशक सुरू झालं होतं आणि स्वातंत्र्याच्या लढ्यातले म्हातारे अजून पारावर बसलेले दिसायचे. १९४२ साली जेलात गेलेले असे एक आजोबा माझ्या पहिल्या शाळेच्या गावात होते. १५ ऑगस्टला त्यांचा सत्कार ठेवला. मी उत्साहाने भाषणात म्हणालो की यांनी केलेली देशभक्ती आपण विसरता कामा नये. कार्यक्रम झाल्यावर आजोबांनी मला जवळ बोलावलं. “गुरुजी, भक्ती देवाची करा लागते बाप्पा. आमी चळवळीत होतो. जेलात गेलो, बस.” त्यांच्या पिढीचे जे जे लोक मी पुढे भेटलो त्यांची भाषा अशीच होती. चळवळीत होतो, सत्याग्रह केला, झेंडा लावला, दंड भरला, माफी नाही मागितली. सगळी क्रियापदं. ‘देशभक्त’ हा शब्द दुसऱ्याने त्यांना लावायचा. स्वतःला कुणी लावला नाही. या शब्दाच्या वापराचा अलिखित नियम मला त्यांच्याकडून मिळाला. ‘मी देशभक्त आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ‘मी सज्जन आहे’ म्हटल्यावर कानाला जसं खटकतं तसंच ते खटकतं.

त्या काळी आपल्या भागात या भावनेला अंग कसं मिळालं ते पोरांना सांगा, कारण भाषणांत सगळे दांडी आणि दिल्ली सांगतात. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. विदर्भाला समुद्र नाही. पण तुमच्याकडे खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींना खारं पाणी लागतं. अकोल्याजवळच्या दहिहांड्याला लोकांनी त्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला. ज्या पाण्यामुळे तुमच्या गावची माणसं आजही हैराण आहेत, त्याच पाण्याचा सत्याग्रह झाला! त्याच वर्षी १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. बैलांच्या वैरणीचा प्रश्न होता, जो इथल्या प्रत्येक कास्तकाराला कळत होता. मीठ आणि गवत. ‘देशाची भक्ती कराले कुठं जा लागते’ याचं १९३० सालातलं उत्तर ‘विहिरीवर आणि जंगलात’ असं होतं.

आणि १९४२. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी इथे लोक उठले. गोळीबार झाला, माणसं गेली. वर्धा जिल्ह्यातल्या त्या आष्टीचं नाव आजही सरकारी कागदावर ‘आष्टी (शहीद)’ असं लिहितात. गावाच्या नावालाच तो शब्द लागला. शहीद हा अरबी शब्द, त्याच्या मुळाशी साक्ष देण्याचा अर्थ आहे. त्याच्या जोडीचा आपला शब्द हुतात्मा, म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. एक साक्षीतून आला आणि एक यज्ञातून, आणि मराठी माणूस दोन्ही एकाच आदराने वापरतो. या उठावांमागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचा प्रभाव होता. ज्या भजनाची आठवण तिकडचे लोक काढतात त्यात दगडांचे बॉम्ब होतील आणि भक्तांची सेना होईल अशी कल्पना आहे. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. मला यातला ‘भक्त’ फार महत्त्वाचा वाटतो. महाराजांनी देशासाठी नवा भक्त घडवला नाही. खंजिरीच्या तालावर डोलणारा जो भक्त समोर बसलेला होता, त्यालाच उठवलं. म्हणून विदर्भातल्या खेड्यात ‘देशभक्ती’ या शब्दातली ‘भक्ती’ पुस्तकी वाटत नाही. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत शेवटी राष्ट्रवंदना होते. त्याच सतरंजीवर, त्याच टाळांच्या शेजारी.

नवविधा भक्ती तुमच्या पोरांना आजीकडून ऐकून माहीत असेल. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. यातली सहावी वंदन. आपण गावात ध्वजारोहण फारसं म्हणत नाही, ‘झेंडावंदन’ म्हणतो, म्हणजे वर्षातून दोनतीनदा सहावी भक्ती आपण सगळे मिळून करतो. पुढच्या दोन, दास्य आणि सख्य, म्हणजे सेवा आणि मैत्री. शेंडगावच्या गाडगेबाबांना आठवा. दिवसा गाव झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. क्रम असा होता, आधी खराटा, मग टाळ. मी हे पोरांना सांगताना ‘देशाशी सख्य’ हा शब्द वापरतो, आणि मला तो देशभक्तीच्या सगळ्या पर्यायांहून जास्त आवडतो. मित्राची चूक दिसली तर आपण बोलतो आणि तरी त्याच्या अंगणातच बसतो.

मुख्याध्यापकांच्या ‘राष्ट्रभक्ती’कडे येतो. शब्द चुकीचा नाही. राष्ट्र हा फार जुना शब्द आहे, वेदांत सापडतो आणि महाराष्ट्राच्या नावातच बसला आहे. पण आज आपण राष्ट्र म्हणतो तेव्हा एक संविधान, एक ध्वज, एक शासन असलेला लोकसमूह अभिप्रेत असतो. देशात डोंगर, नदी, माती, हवा येते, राष्ट्रात घडण येते. म्हणून राष्ट्रगीत, राष्ट्रध्वज, राष्ट्रपती हे शब्द ‘राष्ट्र’ घेऊन होतात. तिथे ‘देशध्वज’ बसत नाही. उलट देशबांधव, देशवासी, मायदेश यांत ‘देश’च लागतो. ‘मायराष्ट्र’ म्हणून बघा, जीभ अडते. माय म्हटलं की देश किंवा भूमी. पाचवीच्या पोरांसाठी मी ‘देशभक्ती’च ठेवीन. राष्ट्र समजायला संविधान समजावं लागतं, ते आठवी-नववीत नीट समजेल. देश त्याला आत्ता पायाखाली दिसतो.

‘राष्ट्रवाद’ मात्र वेगळी गोष्ट. ‘-वाद’ लागला की भावनेची विचारप्रणाली होते, तिच्याबद्दल मतं असतात, पुस्तकं असतात. देशभक्तीला समानार्थी म्हणून ‘राष्ट्रवाद’ लिहिलेलं निबंधात आलं तर मी गुण कापायचो. आणि विनोबांनी ‘जय जगत्’ हा घोष दिला हेही पोरांना माहीत असू द्या. तेच विनोबा १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही होते, १७ ऑक्टोबरला, पवनारहून. देशासाठी तुरुंगात जाणं आणि जगाचा जयजयकार करणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी सुखाने नांदल्या.

देशाभिमान हा शब्द देशभक्तीचा थोरला भाऊ म्हणा. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखनात ‘देशाभिमान’, ‘स्वदेशाभिमान’ भरभरून भेटतो. गंमत अशी की संतांच्या भाषेत ‘अभिमान’ हा टाकून द्यायचा दोष आहे, देहाभिमान, ज्ञानाभिमान. ‘देश’ जोडल्यावर त्याचा गुण झाला. तरी जुनी आच त्यात शिल्लक आहे. अभिमान डोकं वर काढतो, भक्ती वाकते. दोन्ही शब्द हवेत, पण एकाची जागा दुसरा घेत नाही. क्रिकेटचा सामना जिंकला, उपग्रह कक्षेत गेला, तिथे ‘देशाभिमान’ लिहा. शाळेची भिंत रंगवली, रक्त दिलं, मतदानाला उन्हात रांगेत उभे राहिले, तिथे भक्ती किंवा निष्ठा. देशप्रेम सगळ्यांत मोकळा शब्द आहे, तो लहान पोरालाही पेलतो.

एक जोडी मात्र नीट वेगळी ठेवा, कारण परीक्षेत मोठी मुलंही गोंधळतात. राजनिष्ठा आणि देशभक्ती. स्वातंत्र्याआधी हे शब्द समोरासमोर उभे होते. वऱ्हाडाचं उदाहरण घ्या. नावाला मुलूख निजामाचा. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे. १९०२ साली तो इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाला. १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या पोराला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. खेड्यातल्या माणसाची निष्ठा कुणाशी असायला हवी होती? राजा दोन होते आणि दोन्ही दूर. अशा ठिकाणी ‘देश’ या शब्दाला जागा सापडली, कारण तो राजाकडे बोट न दाखवता जमिनीकडे आणि माणसांकडे बोट दाखवत होता. इंग्रजांच्या कायद्यात गुन्हा ‘राजद्रोह’ होता. टिळकांना १९०८ साली त्याखालीच सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि लोकांनी त्यांना लोकमान्य म्हणूनच डोक्यावर घेतलं. राजद्रोही ठरलेला माणूस देशभक्त असू शकतो, हे या जोडीतून पोरांना समजतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘देशद्रोही’ हा शब्द निबंधात कुणा माणसावर लावू द्यायचो नाही. फितुरीची गोष्ट इतिहासात घडली असेल तर ती घटना लिहा म्हणायचो. भक्ती हे दुसऱ्याचं माप घ्यायचं साधन झालं की शब्द सडतो. देवाच्या भक्तीचंही तसंच होताना आपण गावात पाहतो, कोण किती वारी करतो हे मोजणारे वारीला जात नाहीत.

खेड्यातल्या माणसाचे या भावनेचे शब्द वेगळे आहेत, आणि मला वाटतं खरा धडा तिथे आहे. पहिला ‘मुलूख’. मूळ अरबी, पण मराठीत इतका मुरला की ‘मुलखावेगळा’ म्हणताना कुणाला परकं वाटत नाही. दुसरा ‘इमान’. “मातीशी इमान राखलं”, “खाल्ल्या मिठाशी बेइमान झाला नाही.” निष्ठेला गावात हाच शब्द. तिसरा ‘वतन’, आणि इथे सावध राहा. हिंदी-उर्दूत वतन म्हणजे मायदेश, त्यामुळे देशभक्तीच्या हिंदी गाण्यांत तो सारखा येतो. मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला हक्क, जमीन, मानपान आणि त्यासोबत आलेली सक्तीची कामंही. वतनांनी गावात कुणाला मोठं केलं आणि कुणाला पिढ्यान् पिढ्या राबवलं, हे विसरून ‘माझे वतन’ असं मराठी भाषणात लिहू नका. ऐकणाऱ्या एखाद्या आजोबांना त्या शब्दाने वेगळंच काही आठवेल.

फलकाचं सांगतो. एकटा शब्द ‘देशभक्ती’, दीर्घ ‘क्ती’. संस्कृतात तो ऱ्हस्व असला तरी मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहितो. ‘देशभक्तीने’, ‘देशभक्तीचा’ हेही दीर्घच. पण तोच शब्द समासात पुढे गेला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. ‘देशभक्तिपर गीते’, ‘देशभक्तिगीत’, जसं भक्तिभाव, भक्तिमार्ग. ‘देशभक्तीपर’ ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. दुसरी चूक ‘प्रजासत्ताक दीन’. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, लाचार. एका गावात कापडी फलकावर रंगाऱ्याने ‘दीन’ लिहिलं, प्रूफ मी पाहिलं होतं आणि माझ्या नजरेतून सुटलं. पाहुणे आले, फलक तसाच लटकत होता. ती खंत अजून आहे, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगतो, लिहिण्याआधी रंगाऱ्याच्या हाती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. देशभक्त शब्दाचं अनेकवचन देशभक्तच आणि स्त्रीलाही देशभक्तच म्हणावं. समासाचा विग्रह ‘देशाचा भक्त’, षष्ठी तत्पुरुष.

त्या पोरासाठी मी तुमच्या जागी असतो तर एवढंच केलं असतं. फळ्यावर ‘देशाची भक्ती’ लिहून पुढे मोकळी जागा सोडली असती आणि प्रत्येकाला एक क्रियापद आणायला सांगितलं असतं. ‘करतो’ चालणार नाही, हात किंवा पाय हलले पाहिजेत असं क्रियापद. राखतो, झाडतो, पेरतो, भरतो, वाटतो, जे त्यांना सुचेल ते, वऱ्हाडीत सांगितलं तर वऱ्हाडीत लिहा. दुसऱ्या दिवशी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा की ‘आपला देश’ला ते पूर्वी काय म्हणायचे. काय काय शब्द येतात ते मला जरूर कळवा. तुमच्या गावात अजून कुणाच्या आजीच्या तोंडी ‘मुलूख’ आहे का, आणि ती तो कोणत्या वाक्यात म्हणते, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.